लाँड्रीसमोरचा बाक

लाँड्रीवाल्या बाईंनी तिसऱ्यांदा हटकलं. "कपडे नाहीत, पावती नाही. काका, तुम्ही स्वतःच वाळायला बसलाय का?"

"मुलगा यायचाय," मास्तर हेल्मेटच्या आतून पुटपुटले.

"मग ते डोक्यावरचं तरी उतरवा. माझं छप्पर पक्कं आहे."

मास्तरांनी हेल्मेट उतरवलं नाही, त्याची काळी काचही वर केली नाही. त्यांची नजर रस्त्यापलीकडे, पाण्याच्या टाकीखालच्या बाकावर होती. तिथे चार वाजल्यापासून बूटवाला बसला होता.

मास्तर पेशाने शिंपी. पण गे पुरुषांसाठी चालणाऱ्या आरोग्य केंद्राचे स्वयंसेवक गेली अकरा वर्षं त्यांच्याच हाताखाली तयार होत होते. कंडोम आणि मोफत रक्ततपासणीची कार्डं घेऊन ही मंडळी बागेत, बसथांब्यावर जात. गेल्या महिन्यात बागेत ठरल्या वेळी पोलीस आधीच हजर होते. नऊ जणांना गाडीत घातलं, दोघांच्या घरी फोन गेले. त्यातला एक अजून घरी परतलेला नाही. बातमी फुटली होती, आणि फोडणारा आपल्यातलाच, याबद्दल मास्तरांना तिळमात्र शंका नव्हती.

बूटवाला येऊन जेमतेम सहा आठवडे झालेले. केस बारीक कापलेले, बूट असे चकचकीत की त्यांत बघून भांग पाडावा. त्यावरूनच बाकीच्यांनी त्याला हे नाव ठेवलं होतं. शिवाय प्रश्न फार. कोण येतं? कधी येतं? एकटे येतात का? उत्तर मिळालं की लगेच वहीत. इतका सरळ माणूस मास्तरांनी मापं घेतानाही पाहिला नव्हता. कुठेतरी एक खांदा उतरलेला असतोच.

म्हणून काल त्यांनी एकट्या बूटवाल्याच्या कानात सोडलं होतं, "उद्या चारला टाकीखाली जा. आपली बरीच मंडळी जमतात." टाकीखाली कुणीही जमत नसे. पोलीस आले, की चोर सापडला.

पाच वाजले. साडेपाच. एक जीप आली, मास्तरांनी श्वास रोखला. जीप पुढे निघून गेली. बूटवाला घड्याळ बघत नव्हता, फोनला हात लावत नव्हता. मांडीवर पिशवी, पिशवीवर हात. मधूनच लाँड्रीकडे बघे आणि नजर हलकेच दुसरीकडे वळवी.

साथीदाराची वाट बघतोय लबाड, मास्तर मनात म्हणाले.

सहाला बूटवाला उठला. एक कागदी पाकीट बाकाच्या टोकाशी ठेवलं, उडू नये म्हणून वर दगड ठेवला आणि फोन काढला. आता! मास्तर लाँड्रीच्या दर्शनी काचेला जवळजवळ चिकटलेच.

त्यांच्याच खिशातला फोन थरथरला.

"मास्तर, मंडळी आली नाहीत. एकच जण आहे. समोर लाँड्रीत, हेल्मेट घालून, दोन तास बसलाय. फार घाबरलाय बिचारा. तुम्ही शिकवलंत तसं जवळ गेलो नाही, त्याला दिसेन असा बसून राहिलो. तपासणीचं कार्ड घालून पाकीट ठेवलंय. पुढच्या गुरुवारी परत येऊ का त्याच्यासाठी?"

हेल्मेटची काच वर करून मास्तरांनी ते दोनदा वाचलं. घाबरलेल्या माणसाजवळ आपण जायचं नाही, हा नियम त्यांचाच. तो त्यांनी काही पुस्तकातून काढला नव्हता.

रस्त्यापलीकडे बूटवाला निघाला होता. मुद्दाम हळू, एकदाही मागे न बघता.

"काका," बाई इस्त्री उभी करून म्हणाल्या, "गेला तो. तुमच्यासाठीच ठेवलेलं दिसतंय ते. जा, घेऊन या. मी नाही बघत."