अगदी पाकिटातल्यासारखे

"पाकिटातलं चिकन माझ्या घरात येणार नाही," असं शरयूने भिशीत ठणकावून सांगितलं होतं. आता भिशी तिच्याच घरी होती आणि बायका तिच्या हातचे घरगुती नगेट्स खायला येणार होत्या.

चव बघायला लेक ओवी ओट्याशी उभी राहिली. पहिल्या घाण्याला शरयूचा हात सवयीने कांदा-लसूण मसाल्याकडे गेला. ओवी म्हणाली, "छान आहेत, पण हे आजीचे खिम्याचे गोळे झाले."

ते शरयूच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या घाण्यातून मसाला गेला, तिसऱ्यातून आलं-लसूण आणि कोथिंबीर. तरी ओवी नाक मुरडतच होती. मग शरयूने खिमा निम्मा केला, कॉर्नफ्लॉवर वाढवलं, साखर घातली. जिला भिशीत ती विष म्हणाली होती, ती चायनीजच्या गाडीवरची पांढरी पावडरही चिमूटभर टाकली.

ओवीने डोळे मिटून घास खाल्ला. "आई, अगदी पाकिटातल्यासारखे."

शरयूला आभाळ ठेंगणं झालं. तिने ताटली सासूबाईंपुढे धरली. कोल्हापूरच्या सासूबाईंनी एक नगेट सावकाश चावला, मग सुनेला वाईट वाटू नये अशा बेताने विचारलं, "चांगलं झालंय गं. कोंबडी मागनं घालणार हाईस व्हय?"

तेवढ्यात दाराची बेल वाजली. शरयू पहिल्या घाण्याची ताटली शोधायला धावली. नवऱ्याने ती भाकरीबरोबर केव्हाच चाटूनपुसून साफ केली होती.