आठवडाभर नुसतं बघायचं

"या वर्तुळाबाहेर पाऊल टाकायचं नाही," थोरले साहेब खडू खिशात टाकत म्हणाले. "आठवडाभर नुसतं बघायचं. ज्याच्यावाचून कुणाचं काही अडत नाही, असा एक माणूस मला शनिवारी हवा."

मॅनेजर वर्तुळात उभा राहिला. कुलपांचा हा कारखाना त्याने वरच्या काचेच्या केबिनमधून चालवला होता; खाली उतरायची वेळ कधी आलीच नव्हती. वरचं काम त्याने असिस्टंट बाईंवर सोपवलं.

"तुम्ही निर्धास्त उभे राहा सर. आम्ही बघतो," त्या म्हणाल्या.

खिशातला फोन गप्प होता. त्याला बरंच वाटलं.

आधी सगळेच मान मोडून राबताना दिसले. मग डोळे सरावले. एक बाई स्प्रिंग बसवायची, पुढचा माणूस स्क्रू आवळायचा, त्याच्या पुढचा प्रत्येक कुलपात किल्ली फिरवून बघायचा. आणि शेवटी कुलपं खोक्यात भरणारी बाई तीच किल्ली पुन्हा फिरवायची.

तो किल्ली फिरवणारा म्हणजे मॅनेजरचा मेहुणा. बायकोच्या शब्दाखातर त्यानेच चिकटवलेला.

जेवणाच्या सुट्टीत मेहुणा हळूच जवळ आला. "भाऊजी, पायांचे तुकडे पडले असतील. स्टूल आणू?"

"नको."

घरी बायकोने वाढता वाढता विषय काढला. "माणसं कमी करणार म्हणे. त्याच्याकडे लक्ष असू द्या हो. पोर अजून पाळण्यात आहे त्याचं."

"लक्षच आहे," तो म्हणाला आणि जेवत राहिला.

दुसरं कुणी सापडावं म्हणून तो डोळ्यांत तेल घालून बघत होता. सापडलं नाही. वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. पायांबरोबर मनही बधिर झालं असावं. फोन अजून गप्पच होता. निदान तो तरी ताप नव्हता.

शनिवारी थोरले साहेब आले. मॅनेजरने मेहुण्याकडे न बघताच बोट केलं.

"हा. याचं काम खोक्यावरची बाई करतेच."

मेहुण्याच्या हातातली किल्ली अर्ध्यातच थांबली.

"त्याला स्क्रूवर घेऊ. तिथे हात कमी पडतात." थोरले साहेब बुटाने खडूची रेघ पुसू लागले. "आठवडाभर तुम्ही इथे उभे होतात. वर कुणाचं काही अडलं?"