खालचा उजेड

दिवेवाल्याने तिसरा दिवा माशांच्या टाकीवर टांगला, बटण दाबलं, आणि इस्पितळाचा हॉल मिठाईच्या दुकानासारखा झगमगला. खाऱ्या पाण्यातले मासे एकदम नटल्यासारखे दिसू लागले. तळाच्या दगडांवरची प्रवाळं मात्र मुठी आवळून बसली होती, तशीच राहिली. आणून अकरा दिवस झाले तरी एकही उमललं नव्हतं.

‘हा घ्या सिस्टर, याच्यापुढे दुसरा नाही,’ दिवेवाला म्हणाला. ‘पार दारातून दिसेल टाकी.’

सिस्टरने कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. मोठ्या मिनतवारीने तिने त्याला इथवर आणलं होतं. तीस वर्षं त्याने पाणबुड्याचं काम केलं, बंदराचे खांब पाण्याखाली उतरून तपासले. मग कानाचा पडदा फाटला, डॉक्टरांनी बुडी मारायला कायमची मनाई केली, आणि त्या दिवसापासून त्याने तोंडाला जे कुलूप लावलं ते आठ महिने झाले तरी निघालं नव्हतं. घरात असून नसल्यासारखा माणूस. तिला आता त्याची भीती वाटायला लागली होती.

तसा तो आधीही काही बोलघेवडा नव्हता. सुट्टीच्या दिवशीसुद्धा उठायचा आणि बंदरापलीकडच्या खडकांत बुडी मारायला जायचा. नव्या नवलाईत ती विचारायची, ‘काय पाहिलंत खाली?’ तो म्हणायचा, ‘काय असणार? पाणी.’ पुढे तिने विचारणं सोडून दिलं. पण ज्याच्यापायी हा घरदार विसरतो, त्याबद्दल बायकोला सांगायला याच्याकडे एकच शब्द, ही सल काही गेली नाही.

‘बघा ना जरा,’ ती म्हणाली. ‘आज एक दिवा ठरवायचाय. मला मेले तिन्ही सारखेच दिसतात.’

तो टाकीकडे बघत राहिला. बघता बघता त्याच्या कपाळाला आठी पडली.

‘ही खालची आहेत,’ तो म्हणाला.

‘म्हणजे?’

‘खोल पाण्यातली. यांना भर उन्हात आणून बसवलंय तुम्ही.’

आठ महिन्यांतलं त्याचं सगळ्यात लांब बोलणं. मध्येच काही विचारलं तर हा पुन्हा गप्प होईल, म्हणून सिस्टर श्वास रोखून उभी राहिली.

तो उठला. खिडक्यांचे पडदे ओढले. दिव्यातले रंग वेगवेगळे कमी करता येतात का, असं त्याने विचारलं. ‘मोबाइलवर सगळं होतं, काका,’ दिवेवाला म्हणाला. मग नवरा बायकोकडे वळला.

‘हात धर पाण्यावर.’

‘माझा? कशाला?’

‘तुझा स्वेटर लाल आहे.’

तिने मुकाट्याने दिव्याखाली हात धरला. ‘पांढरा उतरव,’ तो दिवेवाल्याला म्हणाला. ‘लाल उतरव. अजून.’ तिच्या बाहीचा रंग आधी विटेसारखा झाला, मग तपकिरी.

‘खाली जाताना लाल पहिला मरतो,’ तो म्हणाला. ‘माझ्या हातमोज्यावर लाल पट्टी होती. ती काळी पडली की कळायचं, आलो.’

‘काका, आणखी उतरवलं तर पेशंटना काय दिसणार?’

‘उतरव.’

बाही काळी पडली. ‘बस,’ तो म्हणाला. हॉलमध्ये निळा काळोख तेवढा उरला.

दहा मिनिटं गेली. काही झालं नाही. दिवेवाल्याने दोनदा घड्याळ पाहिलं. सिस्टरचा हात भरून आला, पण तो खाली घेऊ का, हे विचारायचा धीर तिला होईना.

मग एका दगडाच्या कडेला काहीतरी हललं. तान्ह्या बाळाच्या करंगळीएवढं एक बोट बाहेर आलं. त्याच्या शेजारी दुसरं. हळूहळू सगळा दगड बोटांनी भरून गेला आणि पाण्याबरोबर डुलू लागला. मागचा दगड उमलला, त्याच्या मागचा उमलला. आणि त्या निळ्या काळोखात, जिथे तिची बाही काळी ठिक्कर दिसत होती, तिथे त्या प्रत्येक बोटाचं टोक निखाऱ्यासारखं लाल होतं.

सिस्टरच्या अंगावर सरसरून काटा आला. जन्म आणि मरण दोन्ही रोजचंच झालेली बाई ती, पण धरलेला हात खाली घ्यायचं ती विसरून गेली.

‘अहो, लाल तर मेला होता ना?’ ती कुजबुजली.

‘वरून आलेला मेला. हा त्यांचा स्वतःचा.’

दिवेवाल्याने मोबाइल खिशात ठेवला.

‘तुम्ही रोज हे बघत होतात?’

‘रोज कुठलं,’ नवरा म्हणाला. ‘कधी कधी पाणी गढूळ असायचं.’

त्याचा चेहरा निळ्या उजेडात काचेला टेकला होता. इतकी वर्षं जपलेला राग तिने मनात शोधून पाहिला. तो तिला सापडेना.

तेवढ्यात दार किलकिलं झालं आणि नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईने डोकं आत घातलं.

‘सिस्टर, अंधार करून बसलात? काय आहे तरी काय आत?’

सांगण्यासाठी सिस्टरने तोंड उघडलं. बोटं म्हणावं, निखारे म्हणावं, की आणखी काय म्हणावं. तिने एकदा टाकीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

‘काय असणार?’ ती म्हणाली. ‘पाणी.’