जाळीचं झाकण

वारंगा फाट्यावरून आणलेल्या कडबाकुट्टीच्या मशीननं मंजुळाबाईंचा उजवा हात मनगटापासून नेला, तेव्हा कोमल हॉस्टेलला होती. सुट्टीत घरी आल्यावर तिनं फुकटच्या सॉफ्टवेअरवर आख्खं मशीन उभं केलं, पाती फिरवली आणि तोंडावर लोखंडी जाळीचं झाकण बसवलं. पडद्यावर कडबा आत जायचा, हात मात्र दर वेळी झाकणापाशीच अडायचा.

"माय, असं झाकण असतं तर तुझा हात वाचला असता."

मंजुळाबाई पडद्याजवळ वाकल्या.

"हे तर मशीनीसंगच आलतं. कडबा लवकर जाईना म्हणून तुह्या बापानं काढलं."

त्यांनी डाव्या हातानं अंगणाकडं दाखवलं.



"सकाळी तूच तर कोंबडीची पिल्लं झाकलीस त्याच्याखाली."