पथ्याचं पान

कावळा शिवला.

मुलुंडच्या गच्चीवर तिघांनी पाहिलं. मुलगा सुयोगने, सून अपूर्वाने, आणि गेलेल्या जयवंतरावांच्या बहिणीने, शुभाआत्याने. तरी जानकीबाई पाण्याच्या टाकीला टेकून म्हणाल्या, "नाही शिवला." मग नाही शिवला. त्या घरात नवऱ्याच्या हयातीतही शेवटचा शब्द त्यांचाच असायचा.

जयवंतरावांचं तेरावं परवा झालं होतं. सुतक फिटलं की या मालवणी घरात मासळी शिजायची आणि पहिलं पान गेलेल्याचं, त्याच्या आवडीचं. कावळ्याने चोच लावली की माणूस तृप्त होऊन मार्गी लागला. नाही लावली, तर जीव कशात तरी अडकलाय, तो इथेच घुटमळतोय.

जयवंतरावांची आवड अख्ख्या बिल्डिंगला वासावरून पाठ होती. खोबरेल तेलात तळलेला बांगडा, लालभडक. आज सकाळी जानकीबाईंनी बांगडा वाफवला. वर लिंबू पिळलं. चवळी उकडली, पालक नुसता परतला. खोबरं नाही, मीठ नाही. अ‍ॅटॅक आल्यापासून जयवंतरावांना हेच मिळायचं, आणि त्या ताटासमोर ते कुणाच्या तरी मयताला आल्यासारखे बसायचे.

"आई, अगं आता तरी!" सुयोग म्हणाला होता. "आता बाबांना कसलं आलंय कोलेस्टेरॉल?"

"पथ्य बंद करा असं डॉक्टर बोललेत? नाही ना?"

शुभाआत्या तर रडायलाच लागली. "वयनी, जितो असताना छळलंस, आता मेल्यार तरी मीठ घाल गो!"

जानकीबाईंनी मीठ घातलं नाही. अपूर्वाने गुपचूप एक तळलेली तुकडी पानात सरकवली, तर त्यांनी ती उचलून सुनेच्या हातावर ठेवली. "चीटिंग नको."

पान कठड्यावर ठेवलं, आणि सगळे मागे सरतात न सरतात तोच कावळा हजर. त्याने आधी पालक खाल्ला. मग चवळी. मग बांगडा, काट्यासकट. हार्ट स्पेशालिस्टने बघितलं असतं तर टाळ्या वाजवल्या असत्या.

"शिवलो गो," शुभाआत्याने हात जोडले. "राग नव्हतो त्याका तुझो."

"बाबा सुखाने गेले, आई," सुयोग म्हणाला. "संपलं आता."

जानकीबाई टाकीपाशीच खाली बसल्या.

"रोज सांगायचे मला," त्या म्हणाल्या, "'मी मेलंय तरी ह्या खावचंय नाय.' शब्दाचा पक्का माणूस. मला वाटलं, हेच वाढलं तर नाही शिवणार. राहतील इथेच. अडकून."

कावळ्याने चोच कठड्यावर पुसली आणि उडायला पंख उघडले.

उभा जन्म सरकारी खिडकीमागे काढलेल्या जानकीबाई उठल्या. पदर सारखा केला. कावळ्याकडे बघत, खिडकीवरच्या आवाजात म्हणाल्या, "सदर व्यक्तीचं पथ्य अद्याप पूर्ण झालेलं नाही. तरी त्यांना तात्काळ परत पाठवण्यात यावं, ही विनंती."