अजून समुद्रावर

पहाटे पाच वाजता पंडित सरांनी लंडनहून विमान उचललं. खरं विमानही त्याच वेळी उठणार होतं. थोड्या वेळापूर्वी जावयाचा, आदित्यचा, तिथून फोन आला होता. "विमान वेळेवर आहे, बाबा. मी तिच्यासोबतच आहे."

दुपारी दोनला मुंबई. नऊ तास.

डिंडोलीतल्या दोन खोल्यांत सर ज्या कॉम्प्युटरवर हे विमान उडवत होते, तो मुलीचा, तेजूचाच. शहाण्णव साली लग्न होऊन अमेरिकेला जाताना ती तो बापाला देऊन गेली आणि विमानाचा खेळ शिकवून गेली. तेव्हाही सरांनी तिच्याबरोबर मुंबईहून विमान सोडलं होतं. पण खेळात एक सोय होती. आर दाबून अधिकचं बटण दाबलं की वेळ दुप्पट, चौपट, सोळापट पळायचा. सरांनी अर्ध्या तासात तिच्या वाटेवरचं लंडन गाठलं आणि जेवायला बसले.

सरांच्या पत्नी मालतीबाई भडकल्या होत्या. "पोरगी अजून समुद्रावर आहे, आणि तुम्ही तिला उतरवून मोकळे?"

मालतीबाईंना जाऊन आता चौदा महिने झाले. कागदपत्रं अडकली म्हणून तेव्हा तेजूला येता आलं नव्हतं. फोनवर रडत म्हणाली होती, "पुढच्या वर्षी नक्की येते, बाबा."

ती येत होती. या खेपेला वेळ पळवायचा नाही, असं सरांनी ठरवलं होतं. ती हवेत असेल तोवर तिच्याबरोबर हवेत राहायचं.

आठ वाजता शेजारच्या उषाबाई चहा घेऊन आल्या. सरांच्या घरात कालपासून गॅस पेटला नव्हता.

"थंडा व्हई राहिना, भाऊ. दोन घोट तरी ल्या."

"राघो पोचला का?"

"वापीथून फोन व्हता. पोची जाई टाइमवर."

राघो म्हणजे उषाबाईंचा नवरा. पेटी मोठी होती, टॅक्सीत मावली नसती. म्हणून तो कापडाचे ताके वाहायचा आपला टेम्पो घेऊन मुंबईला गेला होता. जाण्याआधी त्याने टेम्पो आतून-बाहेरून धुतला होता. सरांनी सांगितलं नव्हतं, त्याचा त्यानेच.

उषाबाईंनी कपाटावरची साडी उघडून पाहिली. हिरवी, बारीक जरीकाठाची. शेजारी हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, ओटीचा नारळ.

"चांगला रंग शे," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून निघून गेल्या.

साडी सरांनी काल पर्वत पाटियाला जाऊन घेतली होती. आयुष्यात पहिल्यांदाच एकट्याने. या खरेद्या मालतीबाईंच्या.

"दीकरी आवे छे, साहेब?" गुजराती दुकानदाराने विचारलं.

"हो. माहेरची साडी."

"तो फॉल-पिको करी आपुं. परवा घेऊन जा."

"नको."

"फॉल वगर? एका धुण्यात काठ बगडी जशे."

"चालेल," सर म्हणाले.

दहा वाजता उषाबाईंची योगिता आली. ती सरांच्याच हाताखाली महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलेली. आता कॉम्प्युटरच्या क्लासला जात होती. पडद्यावर नुसतं निळं होतं. ती बराच वेळ मागे उभी राहिली.

"सर, टाइम वाढवा ना. असं किती वेळ बघत बसाल?"

"नको."

"सोळावर टाका. पंधरा मिनिटांत मुंबई. मग जरा आडवे व्हा. दोन रात्री झोपला नाहीत."

सरांनी आर दाबला, आणि एक बटण दाबलं. पडद्यावरचा आकडा बदलला.

"सर, उलटं दाबलंत. निम्मा झाला."

"माहीत आहे."

"अहो, आता तर सहा वाजतील उतरायला."

"वाजू दे."

योगिताने बटणाकडे हात नेला, तसाच मागे घेतला. मग तिने गार झालेला चहा उचलला आणि दुसरा करून आणायला गेली.

दोन वाजले. घड्याळाकडे सरांनी पाहिलं नाही. दाराबाहेर गल्लीतली माणसं जमू लागली होती. आत कोणी येत नव्हतं, मोठ्याने कोणी बोलत नव्हतं. सर विमान धरून बसले होते. खाली पाणीच पाणी.

साडेचारला फोन वाजला. चौथ्या घंटीला त्यांनी उचलला.

"सर, राघो बोलतो. विमान टाइमवर उतरलं. दोन तास कागद तपासले त्यांनी. जावईबापू सोबत आहेत. आता निघतो आम्ही."

सरांनी पडद्याकडे पाहिलं.

"असं कसं निघता? ती अजून समुद्रावर आहे, राघो."



"नाही, सर. मी दोनदा वाचलं. पेटीवर तेजूताईचंच नाव आहे."