छतातली झडप

"आवाज येतोय," वहिनी खालून म्हणाल्या.

शिडीच्या वरच्या पायरीवर उभ्या असलेल्या मिस्त्रींनी बटण सोडलं. छतातली अर्धवट उघडलेली झडप तिथंच थांबली.

"येणारच. नवी जोडणी आहे, दोन दिवस कुरकुरणार. माणसासारखीच."

वहिनी हसल्या नाहीत. चार महिन्यांत त्या हसल्याचं कारखान्यातल्या कुणालाच आठवत नव्हतं. चार महिन्यांपूर्वी त्यांचा नवरा, या फर्निचर कारखान्याचे मालक, दुपारी जेवून गोदामात गेले आणि तिथून कुठे गेले ते कळलं नाही. चपला गेल्या, पाकीट गेलं, माणूस गेला. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली आणि सांगितलं, मोठी माणसं कधीकधी आपण होऊन जातात, आपण होऊन परत येतात. वहिनी अजून रोज दोन ताटं घेत होत्या.

कारखाना मालक आणि मिस्त्रींनी मिळून उभा केला होता. एकोणीस वर्षांची संगत. पाटीवर नाव मात्र एकाचंच होतं. "पाटी मीच रंगवली, स्वतःचं नाव लिहायचं तेवढं विसरलो," असं मिस्त्री सगळ्यांना हसत सांगायचे.

गेल्या आठवड्यात वहिनींनी त्यांना ऑफिसात बोलावून दार लावून घेतलं होतं.

"सुट्टीच्या दिवशी गोदामात कुणीतरी येतं. ह्यांच्या वस्तू हललेल्या दिसतात. मला बघायचंय कोण ते. कॅमेरा छतात लपवा. दिसता कामा नये, आणि गोदामाचा एकही कोपरा सुटता कामा नये."

"धाकट्यांना सांगितलंत?" धाकटे म्हणजे मालकांचे भाऊ. कारखान्यात सगळे त्यांना तसंच म्हणत.

"कुणालाच नाही. भरवसा तुमच्यावर, म्हणून तुम्हाला."

मिस्त्री म्हणाले, "करू की. त्यात काय."

काम मात्र देखणं केलं, त्यात वादच नाही. भंगारातल्या गाडीच्या वायपरची मोटर काढली. ड्रॉवरच्या सरकपट्ट्या उभ्या ठोकून त्यांवर कॅमेरा बसवला. बटण दाबलं की झडप उघडायची, कॅमेरा वीतभर खाली यायचा आणि दुसरी छोटी मोटर त्याची मान फिरवायची. झडपेला छताचाच रंग. बंद झाली की कुठे आहे ते खुद्द मिस्त्रींनाही शोधावं लागे. छतात चढवण्याआधी त्यांनी सगळं टेबलावर चालवून दाखवलं. मान सावकाश पूर्ण गोल फिरली. काच समोरून गेली तेव्हा वहिनींनी नकळत अंग चोरलं.

धाकटे दोनदा डोकावून गेले. "वर काय उद्योग?"

"छत गळतंय," मिस्त्री म्हणाले.

धाकट्यांनी छताकडे बघितलं. मग बराच वेळ मिस्त्रींकडेच बघत राहिले.

ते गेल्यावर मिस्त्री हळूच म्हणाले, "चोराच्या मनात चांदणं. उगाच नाही ते ही जागा विकायच्या मागे लागलेत. वहिनी, माझं ऐका, विकू नका. उद्या मालक परत आले तर कुठे येतील?"

वहिनींचे डोळे भरून आले. मिस्त्रींनी पक्कड शोधायच्या निमित्तानं पाठ फिरवली.

आज सुट्टी होती. गोदामात दोघंच. मिस्त्रींनी सरकपट्ट्यांच्या आत नमद्याचे मऊ लोकरी तुकडे चिकटवले, पुन्हा बटण दाबलं. झडप उघडली, कॅमेरा उतरला, चकार आवाज नाही. वहिनींनी हातातल्या फोनवर चित्र बघितलं. दार आलं, करवतीचं मशीन आलं, पॉलिशचे डबे, खिडकी, मधला खांब. खांबापाशी चित्र थांबलं आणि उलटं फिरायला लागलं.

"पलीकडे जात नाही?"

"खांब मध्ये येतो."

"टेबलावर पूर्ण फिरत होता."

"टेबलावर वायर मोकळी होती. इथं तिला पीळ बसतो, तुटेल एखाद दिवशी. आणि पलीकडे आहे काय? जुन्या फळ्यांची थप्पी. उंदरांशिवाय तिथं कुणी जात नाही."

"वायर लांब घेतली तर?"

"कशाला उगाच? सगळं परत खोलावं लागेल."

एवढी उस्तवार हौसेनं केलेल्या माणसाला एवढ्याशा कामाचा कंटाळा आला. वहिनी फोनकडे बघत होत्या.

"परत एकदा फिरवा."

मिस्त्रींनी फिरवला. दार, मशीन, डबे, खिडकी, खांब.

"अजून एकदा."

"कितीही वेळा बघा," मिस्त्री वरून म्हणाले. त्यांच्या आवाजात कारागिराचा तोरा होता. "माझ्या हातचं काम आहे. एक सूत इकडचं तिकडं होणार नाही."

तिसऱ्यांदाही चित्र खांबापाशीच थांबलं. वहिनींनी फोन दोन्ही हातांनी धरला.

गोदामाचं दार उघडलं. धाकटे आत आले. त्यांच्यामागे पहारी घेतलेले दोन मजूर होते आणि सगळ्यात शेवटी एक पोलीस.

"वहिनी, धाकटे आले!" मिस्त्री शिडीवरून कुजबुजले. "झडप लावून घेतो."

"राहू दे उघडी. मीच बोलावलंय." त्यांनी मिस्त्रींकडे मान वर करूनही बघितलं नाही. "भाऊजी, एकही कोपरा सोडू नका म्हटलं होतं, तरी कॅमेरा खांबापर्यंतच येतो. पलीकडच्या फळ्या हलवा आणि खालची फरशी काढा. पण पहार जपून चालवायला सांगा. खाली हे असतील."